पान उघडेपर्यंत

१

सत्य हे सूर्यासारखं असतं. ते झाकता येत नाही, दाबता येत नाही, आणि वेळ झाली की उगवल्यावाचून राहत नाही. सेलूच्या व्यंकटराव हेडमास्तरांच्या घरात मात्र ते उगवायच्या आधी स्क्रीनवर एक चकती फिरायची. ती थांबेपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊन कपबशा विसळून व्हायच्या.

आणि तेही एकाच ब्राउझरमध्ये.

गुन्हा उघडकीस आला तो असा. रविवारी व्यंकटरावांची पंचाहत्तरी होती. सेलूत माणूस पंचाहत्तर वर्षांचा झाला हे त्याच्या दाखल्यावरून ठरत नाही. स्टेशनच्या चौकात फ्लेक्स लागला की ठरतं. मधोमध फेटा बांधलेली उत्सवमूर्ती, वर विशेषणं, खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. कोणाचं डोकं कोणाच्या शेजारी आणि कोणाचं केवढं, यावरून तालुक्यात सोयरिकी मोडलेल्या आहेत. म्हणून हे काम व्यंकटरावांनी कोणावर सोपवलं नव्हतं. फोटोंच्या खाली 'आणि समस्त सेलूकर' ही ओळ टाकायची, हेसुद्धा त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. सेलूकरांना विचारण्याची गरज त्यांना भासली नव्हती.

बाजारातल्या सिद्धोधनच्या फ्लेक्सच्या दुकानानं साइट काढली होती. घरी बसून फोटो टाका, मजकूर टाका, रंग निवडा. छापून दुकानात मिळेल. व्यंकटरावांनी हॉलमधल्या कॉम्प्युटरवर ती उघडली. चकती फिरू लागली. व्यंकटराव उठून अंगणात गेले, झाडांना पाणी घालणाऱ्या माळ्यावर खेकसले, परत आले. चकती फिरतच होती. असं आठवडाभर चाललं.

घरात ब्राउझर दोन. निळ्या चिन्हाचा व्यंकटरावांचा, लाल चिन्हाचा मुलगा-सुनेचा. देवघरात सोवळ्याचा तांब्या वेगळा असतो, तसा निळा वेगळा होता. विमलाबाईंना, म्हणजे पत्नीला, भजनं ऐकण्यापुरती त्यात मुभा होती. लालात तीच साइट चुटकीसरशी उघडायची. निळ्यात बाकीच्या साऱ्या साइट चुटकीसरशी उघडायच्या. अडत होती ती हीच साइट, आणि निळ्यातच.

"मग लालात उघडा ना, बाबा," सून उत्तरा म्हणाली.

तिची चूक एवढीच झाली. व्यंकटरावांनी फौरन फैसला सुनावला.

"म्हणजे तूच केलंस. घरात कॉम्प्युटर कळतो तो तुला. जिला नीट करता येतं तिलाच बिघडवता येतं. माझा फ्लेक्स लागू नये म्हणून तुझी ही कारस्थानं. शनिवारी दिवेलागणीपर्यंत दुसरा गुन्हेगार समोर आला तर ठीक. तो घराबाहेर. नाही आला, तर तू राणीसावरगावला, माहेरी. कायमची."

उत्तरानं नवऱ्याकडे पाहिलं. विवेक कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचा.

"बाबा म्हणतात त्यात काहीतरी असेल," विवेक म्हणाला.

२

शनिवारी दुपारी उत्तराच्या बोलावण्यावरून माधवी आली. रेल्वे गेटजवळ तिचा कॉम्प्युटर क्लास होता. कोणाची हरवलेली फाइल असो की कोणी लपवलेली, माधवी ती शोधून द्यायची. मागं एका लग्नाचं गायब झालेलं शूटिंग तिनं डिलीट केलेल्या कचऱ्यातून काढून दिली होती. ते पाहून लग्न मोडलं. तिनं फी परत केली नाही.

"मशीन खोटं बोलत नाही," ती खुर्चीत बसत म्हणाली. "त्याला नातेवाईक नसतात."

व्यंकटराव झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. "लवकर आटप. हिची बस सातची आहे."

"बस रोज असते, सर. चुकली तर उद्याची."

तिनं निळ्यात साइट लावली. चकती. मग तिनं निळ्याचीच प्रायव्हेट विंडो उघडली आणि त्यात तोच पत्ता टाकला.

पान फटकन उघडलं. फेटे, फुलं, 'जीवेत शरदः शतम्', सगळं जागच्या जागी.

व्यंकटरावांचा अडकित्ता थांबला. "हे कसं?"

"ही खिडकी विसरभोळी असते, सर. ब्राउझरनं आधीचं काय काय जपून ठेवलंय, ते हिला ठाऊक नसतं. हिच्यात लगेच उघडलं. म्हणजे इंटरनेट बरं आहे, साइट बरी आहे, ब्राउझरपण बरा आहे." माधवीनं चष्मा वर सरकवला. "या निळ्याला काहीतरी आठवायलंय. साइट उघडताना आधी ते आठवतो, मग पान दाखवतो. आणि जे आठवायलंय ते लय जड आहे."

"काय आठवतंय?"

"आता कळेल. चकती थांबेपर्यंत बसू की."

ती बसली. चकती फिरत राहिली. आत स्वयंपाकघरात भांडी वाजायची थांबली.

आणि लाइट गेली.

"झालं!" व्यंकटराव गरजले. "या वीजवाल्यांना शनिवारच सापडतो!"

माधवी खिडकीतून बघत होती. शेजारच्या घरात पंखा फिरत होता.

३

मेनच्या फळीवरून फ्यूज गायब होता. जळालेला नव्हता, कोणीतरी तो काढून नेला होता. फळी होती जिन्याखालच्या बोळात. तिथं हॉलमधून जाता यायचं, स्वयंपाकघरातून जाता यायचं, वरून उतरूनही जाता यायचं. विवेकला नवीन फ्यूज आणायला पिटाळलं.

माधवीनं उत्तराला अंगणात गाठलं. पायरीवर एक बॅग उभी होती.

"भरूनपण झाली?"

"मी नाही भरली. आईंनी भरली काल. घड्या बघ कशा. ब्लाउजला ब्लाउज लावून, फॉलला फॉल." उत्तरानं चेनवरून बोट फिरवलं. "बाबांनी जा म्हणलं तेव्हा रडू आलं नाही. ही इस्त्री बघून आलं."

"निळ्याला कधी हात लावलास?"

"त्यांच्या निळ्याला? एकदा धूळ पुसताना माऊस हलला, तर दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. मी पण ऐकून घेतलं नाही, चार शब्द परत दिले. मला धीर कुठं हाय तेवढा? माझा कुकर तिसऱ्या शिट्टीपर्यंत थांबत नाही." ती जरा घुटमळली. "एक सांगू? हसशील. या आठवड्यात ज्या ज्या दिवशी बाबांनी ताट फेकलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी निळ्यातली ती साइट आणखी हळू झाली. त्यांचं ओरडणं ऐकूनच मला कळतं."

"ताट कशावर फेकतात?"

"कशावर म्हणजे? आईंच्या दिशेनं."

माधवी हसली नाही.

विवेक फ्यूज घेऊन आला तो कानात इयरफोनच्या बोंड्या घालूनच. फोनवर कोणाचं तरी व्याख्यान दुप्पट वेगानं चालू होतं.

"साध्या वेगानं का ऐकत नाहीस?" माधवीनं विचारलं.

"कोण थांबणार? मुद्दा कळला की पुरे." त्यानं एक बोंडी काढली. "तर्कानं पाहिलं तर उत्तरावर संशय जातो, हे तूही मान्य करशील. मी म्हणत नाही, तर्क म्हणतो."

"आणि तू निळ्याला हात लावलायस का?"

"मी बाबांच्या पेनाला हात लावत नाही, माधवी. माझं लग्नसुद्धा त्यांनीच—" त्यानं बोंडी परत कानात घातली.

नवा फ्यूज बसवायच्या आधी माधवी बाजारात जाऊन आली. सिद्धोधन मशीनवर एका नगरसेवकाचा चेहरा छापत होता. चेहरा कपाळापासून हळूहळू बाहेर येत होता.

"तुमच्या साइटची तक्रार आलीय, सिद्धूभाऊ. हेडमास्तरांकडून."

"सरांकडून?" सिद्धोधननं मशीन थांबवलं नाही. "मी त्यांच्या वर्गात होतो, मॅडम. रोज एक पोरगं फळ्यावर तारीख लिहायचं. पाळीपाळीनं. माझी पाळी आली की सर स्वतः लिहायचे. आता माझ्या साइटवर क्लिक करायलेत. हे बी नसे थोडके."

"म्हणजे तुम्हाला राग असणारच."

"असला तर फ्लेक्सवर त्यांचं नाक वाकडं छापलं असतं. साइट कशाला हळू करू? गिऱ्हाईक पळतं." चेहरा नाकापर्यंत आला होता. "लोकांचा एकच ताप हाय. 'अर्धवट ठेवा' म्हणून बटन दिलंय. लोक नुसते बनवतेत अन् अर्धवट ठेवून जातेत. छापायला येतच न्हाईत."

"ते अर्धवट तुम्हाला दिसतं इथं?"

"न्हाई ना. ते ज्याच्या त्याच्या मशीनवर राहतं, ज्या ब्राउझरात बनवलं त्याच्यातच. वाढदिवस असो, लग्न असो, श्रद्धांजली असो, साचा एकच. रंग तेवढा बदलतो. अन् लोक फोनमधला फोटो हाय तसा टाकतेत. एकेक फोटो सरकीच्या पोत्याएवढा जड! साइट उघडली की पहिल्यांदा ते सगळे अर्धवट मांडून दाखवती." त्यानं मान वर केली. "का वो?"

"किती ठेवले तर चहा होईपर्यंत चकती फिरेल?"

सिद्धोधन विचारात पडला. "चहा होईपर्यंत थांबावं लागत असंल, तर मॅडम, त्या माणसाला दुसरं काम न्हाई. न्हाईतर दुसरा इलाज न्हाई."

परत आल्यावर माधवी स्वयंपाकघरात शिरली. विमलाबाई ओट्याशी बेसन चाळत होत्या. माहेर वालूरचं, लग्न होऊन सेलूत आल्या, त्यानंतर त्यांनी पाहिलेलं सगळ्यात लांबचं गाव परभणी.

"बस गं. चहा टाकू?"

"नको काकू. तुम्ही निळ्यात काय बघता?"

"मला काय कळतंय बाई त्यातलं? भजन लावून देतेत हे, मी ऐकती. बंद करा म्हणले की बंद करती." त्यांनी चाळणी आपटली. "ह्यांचा फ्लेक्स एकदाचा लागू दे म्हणजे सुटले. तो पण सहा बाय चार करायचा म्हणतेत. चौकात सहा बाय चार लय बारीक दिसतंय. दहा बाय आठच लागतंय."

"बरोबर आहे," माधवी म्हणाली. "आज बेसन? सरांना रोज रात्री वरण लागतं ना? उत्तरा सांगत होती, वरण नसलं की ताट उडतं."

विमलाबाईंचा हात थांबला. "आज पिठलं करायलेय."

"डाळ संपली?"

"न्हाई. उगं आपलं. पिठलं."

डाळीचा डबा फळीवर होता. त्याचं झाकण ठोकून घट्ट बसवलेलं होतं, आणि त्याच्यावर दोन डबे ठेवलेले होते.

४

नवा फ्यूज बसला, दिवे लागले. हॉलमध्ये सगळे जमले: झोपाळ्यावर व्यंकटराव, दाराशी विवेक, बॅगेजवळ उत्तरा. विमलाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, पदराला हात पुसत.

"सर, आज तुम्हाला चकती थांबेपर्यंत बसावं लागेल," माधवी म्हणाली.

"हेडमास्तर कोणाची वाट बघत नसतो."

"म्हणूनच तुम्ही हे पान पूर्ण उघडलेलं कधी पाहिलं नाही. बसा." तिनं निळ्यात साइट लावली. चकती फिरू लागली. "तोपर्यंत मी सांगते. हा बिघाड नाही. कोणीतरी या निळ्यात बसून फ्लेक्स बनवतंय आणि 'अर्धवट ठेवा' करतंय. एक नाही, दोन नाही. ढीग."

"उत्तरा!" व्यंकटराव म्हणाले.

"ढीग वाढवायचा तर काय करावं लागतं, सर? आधी पान उघडावं लागतं. म्हणजे गुन्हेगार दरवेळी ही चकती थांबेपर्यंत तिच्यासमोर बसतो. जितका जास्त गुन्हा करावा, तितकं पुढच्या वेळी जास्त थांबावं लागतं. तरी तो थांबतो. आता मला सांगा, या घरात एवढा धीर कोणाकडं आहे? उत्तराचा कुकर तिसऱ्या शिट्टीला थांबत नाही. विवेक व्याख्यानंसुद्धा दुप्पट वेगानं ऐकतो. तुम्ही चकती दिसली की अंगणात."

चकती फिरत होती. झोपाळ्याची कडी करकरली.

"ढीग वाढतो कधी? तुम्ही ताट फेकता त्यानंतर. राग सगळ्यांनाच येत असेल. पण उत्तरा उलटून बोलते. जी तोंडानं बोलते तिला फ्लेक्स लागत नाही. विवेकला राग येतो का, हे त्याला अजून ठरवायचंय. आणि आज मी चकतीपुढं बसले, तेव्हा फ्यूज कोणी काढला? जिच्याकडं आज डाळ असून वरण नाही तिनं. कारण माझ्यादेखत डाळीचा डबा उघडायचा नव्हता."

सगळ्यांच्या माना उंबऱ्याकडे वळल्या.

व्यंकटराव खदखदून हसले. "ही? अगं, हिला माऊस धरता येत नाही!"

"येतंय की," विमलाबाई म्हणाल्या. "महिला दिनाला शिकले. माधवीच्याच क्लासात, बायांच्या गर्दीत मागं बसून. तुमी कधी विचारलं न्हाई."

तेवढ्यात चकती थांबली. पान उघडलं.

स्क्रीनभर व्यंकटराव होते. एकाखाली एक, ओळीच्या ओळी, काळ्या पार्श्वभूमीवर, गळ्यात हार. प्रत्येकाच्या वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली मृत्यूची तारीख. तारीख प्रत्येक वेळी वेगळी होती. व्यंकटराव अक्षय्यतृतीयेला वारले होते. मग गुरुपौर्णिमेला वारले. पोळ्याला दोनदा वारले, सकाळी आणि संध्याकाळी. ताजे वारले होते ते परवा, वरणात मीठ कमी पडलं त्या दिवशी.

पहिल्या फ्लेक्सवर विशेषणं चिक्कार होती: कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय, विद्यार्थिप्रिय. पुढं पुढं ती कमी होत गेली. आधी विद्यार्थिप्रिय गेलं. मग कर्तव्यदक्ष गेलं. 'शोकाकुल' या शब्दाखाली सुरुवातीला सगळं गोत होतं: मुलगा, सून, भाऊ, पुतणे, शिक्षक मंडळी, आणि सगळ्यात आधी विमलाबाईंचा मोठ्या कुंकवाचा फोटो. तेही गळत गेले. पोळ्याच्या सुमारास विमलाबाई स्वतः गळल्या. परवाच्या फ्लेक्सवर 'शोकाकुल' लिहिलेलं होतं, आणि त्याखाली फोटोंच्या जागी नुसते रिकामे गोल.

मग उत्तरा बोलली.

"आई. मला घालवायला निघाले होते बाबा. तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही गप्प बसलात? आणि वर बॅग भरलीत?"

"मला सवय हाय बाई," विमलाबाई म्हणाल्या. "गप्प बसायची बी, अन् घड्या घालायची बी. अन् तू गेलीस तर तुला माहेर हाय. माझं कोण ऱ्हायलंय वालूरला?"

"आईच्याही म्हणण्यात काहीतरी असेल," विवेक म्हणाला.

"फैसला तुमचाच होता, सर," माधवी म्हणाली. "गुन्हेगार सापडला तर तो घराबाहेर. सगळ्यांसमोर बोललात." ती हे चवीनं म्हणाली. तिनं पूर्वीही एक लग्न मोडलं होतं.

उत्तरा खाली बसली. तिनं बॅगेची चेन उघडली आणि आपल्या साड्या एकेक करून बाहेर काढल्या. घडी न मोडता, शांतपणे, शेवटच्या ब्लाउजपर्यंत. मग रिकामी बॅग तिनं पायानं सासूच्या दिशेनं सरकवली. बॅग उंबऱ्याला अडून थांबली.

विमलाबाईंनी बॅगेकडे पाहिलं, मग फळीवरच्या डाळीच्या डब्याकडे. त्यांनी डबा उतरवला, झाकण काढलं, डाळीत हात घालून फ्यूज काढला, झटकला आणि माधवीच्या हातात ठेवला. मग बॅग उचलून त्या आतल्या खोलीत गेल्या. कपाटाचं दार वाजलं. त्यांचं आवरायला फार वेळ लागला नाही. चहा उकळतो त्याच्याही आत त्या बाहेर आल्या. बॅग निम्मी रिकामी होती, हलकी दिसत होती.

व्यंकटरावांनी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. ते झोपाळ्यावरून उठून खुर्चीत येऊन बसले होते आणि स्क्रीनवरच्या शेवटच्या फ्लेक्सकडे बघत होते. ओठ हलत होते. ते रिकामे गोल मोजत असावेत. ताट फेकायला त्यांच्या जवळपास काही नव्हतं.

विमलाबाईंनी चपला पायात घातल्या. दाराची कडी काढली.

"विमल," व्यंकटराव म्हणाले. लग्नानंतर हे नाव त्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. 'अगं ए' वर भागत आलं होतं. विमलाबाई दारात थांबल्या. उत्तराचा हात साडीवर थांबला. विवेकनं कानातली बोंडी काढली.

व्यंकटरावांनी शेवटच्या रिकाम्या गोलावर बोट टेकवलं.

"जाण्याआधी खाली निदान 'समस्त सेलूकर' तरी टाकून जा."